बागेत मोकळा कुत्रा अंगावर आला तर: आधी कुत्रा, मग मालक

बागेत मोकळा सोडलेला कुत्रा धावत येतो तेव्हा आपल्यापुढे दोन कामं असतात, आणि बहुतेक भांडणं ती दोन्ही एकदम करायला गेल्यामुळे होतात. पहिलं काम कुत्र्याचं: पुढच्या काही सेकंदांत स्वतःला, सोबतच्या मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला इजा होऊ न देणं. दुसरं मालकाचं: हे पुन्हा होऊ नये असं बघणं. कुत्रा पायाशी असताना मालकावर ओरडलात तर कुत्र्याला एवढंच कळतं की समोरचं माणूस तापलंय. मालकही मग ऐकण्याऐवजी उलट उत्तर द्यायला लागतो. म्हणून क्रम ठरलेला असावा. आधी कुत्रा, मग मालक.

मी रोज माझ्या कुत्र्याला, बंड्याला, घेऊन बागेत जाते. तो म्हातारा झालाय, मागच्या पायांचे सांधे आखडलेत. पुष्कळदा आईही सोबत असते, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती काठी घेऊन चालते. कुत्र्यांवर माझा जीव आहे आणि तरीही, खरं तर त्यामुळेच, मोकाट सोडलेल्या पाळीव कुत्र्यांच्या मालकांचा मला राग येतो. उत्साहाने उड्या मारणारा तरुण लॅब्रेडॉर आईला चावणार नाही, हे मला दिसतं. पण तीस किलोचं जनावर छातीवर आदळलं तर ती पडणार, आणि तिच्या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडण्याची भीती. चावलं नाही म्हणजे काही झालं नाही, असं नसतं.

(रस्त्यावरच्या, मालक नसलेल्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा आहे, त्यात मी इथे शिरत नाही. अंगावर आला तर उभं कसं राहायचं, एवढं मात्र दोन्हीकडे सारखंच.)

येणाऱ्या कुत्र्याकडे बघायला शिका

शेपूट हलतेय म्हणजे कुत्रा प्रेमळ, हा समज डोक्यातून काढून टाका. हलणारी शेपूट एवढंच सांगते की कुत्रा उत्तेजित आहे. कशाने, ते बाकीच्या शरीरावरून कळतं. ज्याला खेळायचंय त्याचं सगळं अंग सैल असतं. कंबरेपासून मागचा भाग डुलतो, तोंड अर्धवट उघडं असतं, आणि तो सरळ रेषेत न येता थोडा वळसा घेत येतो. मध्येच पुढच्या पायांची कोपरं जमिनीला टेकवून मागचा भाग वर करतो, ते तर खेळायचं उघड आमंत्रण.

काळजी करायची ती ताठ कुत्र्याची. वजन पुढच्या पायांवर, तोंड मिटलेलं, नजर खिळलेली, शेपूट उंच आणि कडक, हलली तरी तुटक झटक्यांनी. असा कुत्रा सरळ आपल्या दिशेने येतो आणि जवळ आल्यावर क्षणभर गोठतो. ते गोठणं फार महत्त्वाचं, कारण चावा पुष्कळदा त्याच्या मागोमाग येतो. घाबरलेला कुत्राही चावतो. त्याची शेपूट पोटाखाली असते, कान मागे चिकटलेले असतात, तोंड वळवलेलं पण डोळे आपल्यावरच, इतके की बुबुळाच्या कडेचं पांढरं दिसतं. जांभई देणं, ओठ चाटणं, तोंड फिरवणं या गोष्टी तो ‘मला जागा द्या’ म्हणून करतो. पाठीवरचे केस उभे राहिले तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, ते नुसत्या उत्साहातही उभे राहतात.

गुरगुरणाऱ्या कुत्र्याला गप्प करू नका, आणि मालक त्यासाठी त्याला मारत असेल तर त्यालाही थांबवा. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून मोडली की कुत्रा सूचना न देता चावायला शिकतो.

उभं राहणं

पळू नका. साधारण धडधाकट कुत्रा ताशी तीस किलोमीटरच्या आसपास सहज धावतो, त्याच्यापुढे आपण टिकत नाही. शिवाय पळणाऱ्याच्या मागे लागणं त्याच्या रक्तात आहे. थांबा. त्याच्याकडे पूर्ण तोंड करू नका, थोडं तिरकं उभं राहा, हात अंगाशी दुमडून घ्या आणि डोळ्याला डोळा न भिडवता तो कुठे आहे ते कडेने बघत राहा. पाठ फिरवू नका. किंचाळू नका, हात वर उडवू नका. वर गेलेला हात बघून कुत्रा उडी मारतो. शांत, जाड आवाजात ‘नाही’ किंवा ‘जा’ म्हणा. शिकवलेले बरेच कुत्रे ‘सिट’ ऐकून चक्क बसतात, तेही करून बघा. उभ्या असलेल्या माणसाचा हुंगून कंटाळा येतो आणि कुत्रा निघून जातो, बहुतेक वेळा प्रकरण इथेच संपतं. तो गेला की वळून पळायचं नाही, तिरकं तिरकं मागे सरकायचं.

तो थांबत नसेल तर हातातली कुठलीही वस्तू मध्ये धरा. पिशवी, जॅकेट, उघडी छत्री, सायकल. चावायचंच असेल तर त्याला पिशवी चावू द्या. आईला मी काठी उगारायची नाही, असं बजावलंय. ती पुढे जमिनीवर टेकवून धरायची आणि माझ्या मागे उभं राहायचं. उगारलेली काठी बघून घाबरट कुत्राही अंगावर येतो. खाली पडलातच तर पोटाशी गुडघे घ्या, हात मानेमागे गुंफा, कान आणि चेहरा झाका आणि निपचित राहा.

मुलांना हे खेळ म्हणून घरी शिकवा: ‘झाड’ म्हटलं की ताठ उभं राहून पायाकडे बघायचं, ‘दगड’ म्हटलं की गोळा होऊन बसायचं. रेबीजचा संशय असलेलं जनावर चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल लहान असेल तर कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर त्याचा चेहरा येतो, हे विसरू नका. मुलाला आपल्या मागे घ्या. उचलायचं तर हळू आणि कुत्र्याकडे कूस करून.

दगड मारणं, लाथ घालणं, मिरचीचा फवारा यांच्या मी विरुद्ध आहे. दया हे एक कारण झालं. दुसरं असं की दुखावलेला कुत्रा जास्त चवताळतो, फवारा वाऱ्याने आपल्याच डोळ्यांत येतो, आणि बघणाऱ्यांच्या नजरेत गुन्हेगार मालक न राहता आपण होतो.

आपला कुत्रा सोबत असेल तर

मोकळ्या कुत्र्यासमोर बांधलेला कुत्रा कायम अडचणीत असतो. त्याला पळता येत नाही, मग तो भुंकून जागा मिळवायला बघतो. आपण घाबरून पट्टा खेचतो, तो त्याच्या गळ्याला जाणवतो आणि त्याला वाटतं, खरंच काहीतरी भयंकर आहे. पट्टा आखूड धरा पण ताणू नका. समोरचा कुत्रा दुरून दिसला की मी बंड्याला घेऊन रस्ता सोडते, मोठा वळसा घालते, मध्ये बाक किंवा झुडूप येईल असं बघते. आणि वेळेवर ओरडते: “दादा, बोलवा त्याला! माझ्या कुत्र्याला दुखणं आहे, तो चावेल!” हे वाक्य ‘तुमचा कुत्रा आवरा’ यापेक्षा कितीतरी लवकर लागू पडतं, कारण आता मालकाला स्वतःच्या कुत्र्याची काळजी वाटते. खिशात कोरड्या खाऊचे तुकडे असतात. मूठभर तुकडे येणाऱ्या कुत्र्याच्या पायाशी फेकले की तो हुंगायला थांबतो आणि आपल्याला निघायला वेळ मिळतो. ताठ, खिळलेल्या नजरेच्या कुत्र्यावर याचा भरवसा धरू नका.

लहान कुत्र्याला उचलावं की नाही यावर वाद आहे. झटकन वर ओढलं तर खालचा कुत्रा उडी मारतो, आणि चावा आपल्या हाताला बसतो. अगदी बारका कुत्रा आणि समोर मोठं धूड असेल तर मी उचलेन, पण पाठ आडवी करून आणि लगेच एखाद्या बंद जागेकडे चालत.

मारामारी जुंपली तर तोंडांच्या मध्ये हात घालायचा नाही, गळपट्टाही धरायचा नाही. माणसांना सर्वांत वाईट चावे अशाच वेळी बसतात, कित्येकदा स्वतःच्याच कुत्र्याकडून. पाणी ओता, मध्ये फळकुट किंवा खुर्ची सरकवा, अंगावर जॅकेट टाका. दोन मोठी माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांडीजवळ धरून उचलायचे आणि मागे सरत वेगळं व्हायचं. एकाने दात रोवून धरलं असेल तर मात्र ओढू नका, मांस फाटतं. नंतर आपल्या कुत्र्याचे केस बाजूला करून अंग तपासा. वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत कातडीखाली मोठी जखम असते. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

चावा किंवा ओरखडा

इथे भांडण बाजूला ठेवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. पंधरा मिनिटं किती लांब असतात ते धुताना कळतं, पण रेबीजचे विषाणू कमी करण्याचं आपल्या हातातलं सर्वांत मोठं काम हेच आहे. तेल, माती, कुठलाही लेप नको, घट्ट पट्टी नको. मग थेट दवाखान्यात. रक्त न येता निघालेला ओरखडा असला तरी लस लागते. कातडी फुटून रक्त आलं असेल, किंवा उघड्या जखमेला, डोळ्याला, तोंडाच्या आत लाळ लागली असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं. टाके घालायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील, घाई करू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा.

माणसाला रेबीज होतो तेव्हा ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांत तो कुत्र्याकडून आलेला असतो, आणि लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी कुत्रा चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस दिली आणि तो वाचला. आज लस कितीतरी सुधारली आहे, तरी ‘पाळीव आहे, त्याला काय होतंय’ म्हणून लोक दवाखान्यात जात नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. मालकाकडून नाव, फोन आणि कुत्र्याच्या लसीच्या पुस्तिकेचा फोटो घ्या. कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायला सांगा. पण ते दहा दिवस संपायची वाट बघत स्वतःची लस लांबवू नका. दहा दिवस कुत्रा ठणठणीत राहिला तर पुढचे डोस थांबवायचे की नाही, तो निर्णय डॉक्टरांचा.

आता मालक

“काही करत नाही हो तो!” हे वाक्य प्रत्येक बागेत ऐकू येतं, आणि बोलणारा खोटं बोलत नसतो. घरात तो खरंच काही करत नसेल. पण घरच्या माणसांशी कुत्रा कसा वागतो यावरून तो काठी टेकत चालणाऱ्या अनोळखी बाईशी कसा वागेल हे सांगता येत नाही. म्हणून कुत्रा चांगला की वाईट या चर्चेत मी पडतच नाही. त्यात कोणीच जिंकत नाही. मी माझी अडचण सांगते आणि लगेच करता येईल अशी एकच गोष्ट मागते.

“काका, नसेल करत तो काही. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, धक्का लागला तर पडेल ती. आम्ही पुढे जाईपर्यंत पट्टा लावता का?”

“त्याला फक्त खेळायचंय” असं उत्तर आलं तर: “माझ्या कुत्र्याला नाही खेळायचं, त्याचे सांधे दुखतात.” “तुम्ही घाबरता म्हणून तो येतो” असं आलं तर: “भीती वाटते हे खरं आहे. पट्टा लावलात की नाही वाटणार.” आवाज चढवायचा नाही, सारवासारवही करायची नाही. आणि पट्टा लावला की मनापासून आभार मानायचे. पुढच्या वेळी आपल्याला बघून त्याचा हात आपोआप पट्ट्याकडे जावा, यासाठी ते दोन शब्द उपयोगी पडतात.

मोठी गोष्ट बोलायची असेल तर प्रसंगाच्या वेळी नको. दुसऱ्या दिवशी, कुत्रा बांधलेला असताना, चार लोकांसमोर नाही, एकट्याला गाठून. आमच्या ओळखीच्या एका काकांचा तरुण शेफर्ड रोज संध्याकाळी सगळ्यांच्या अंगावर जायचा. लोक त्यांना बेजबाबदार म्हणायचे. निवांत बोलल्यावर कळलं की त्यांचा खांदा दुखायचा, कुत्रा ओढला की कळ यायची, म्हणून बागेत शिरताच ते पट्टा सोडायचे. छातीवर कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी अंगाभोवती बांधायचा पट्टा) घेतला की ओढण्याचा जोर बराच कमी होतो, तो त्यांनी घेतला, आणि लांबची फेरी मुलाकडे दिली. ओरडून हे कधीच कळलं नसतं. मालकांना पट्टा नको का असतो याची कारणं बहुतेक अशी साधी असतात: कुत्रा ओढतो, कुत्र्याला पुरेसं धावायला मिळत नाही, किंवा शिकवायला वेळच दिलेला नसतो.

ज्यांना ऐकायचंच नाही, असेही असतात. “बाग काय तुमच्या मालकीची आहे?” म्हणणाऱ्याशी वाद घालत उभं राहू नका. निघा आणि लिहून ठेवा: तारीख, वेळ, बागेतली जागा, कुत्रा कसा दिसतो, काय झालं, कोणी पाहिलं. दुरून, न चिडवता, फोटो किंवा व्हिडिओ घेता आला तर घ्या. फाटकावर नियमांची पाटी असते, तिचाही फोटो काढा. पट्ट्याचा नियम तिथे लिहिलेला असेल तर अर्धं काम झालं. मग बाग ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी तक्रार हवेत जाते. अर्जात ‘कुत्र्यांचा त्रास होतो’ असं मोघम लिहू नका. कुठल्या दिवशी किती वाजता काय झालं ते लिहा आणि काय हवंय तेही लिहा: पाटी, त्या वेळेला पहारेकरी, दंड. एकट्याच्या अर्जापेक्षा रोज येणाऱ्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज लवकर हलतो. त्यात पट्टा लावणाऱ्या कुत्रेवाल्यांच्या सह्या जरूर घ्या, त्यांनाच या प्रकाराचा सर्वांत जास्त त्रास होतो.

कुत्रा चावेपर्यंत तक्रार करता येत नाही, असं समजू नका. उदाहरणार्थ, ब्रिटनच्या १९९१ च्या कायद्यात कुत्रा प्रत्यक्ष चावला नसला तरी तो इजा करेल अशी रास्त भीती वाटावी असं त्याचं वागणं असेल तर मालक दोषी ठरू शकतो. आपल्या ठिकाणचा नियम काय आहे ते अर्ज देण्याआधी वाचा.

विष्ठा न उचलणाऱ्यांबद्दल थोडक्यात, पण ठासून. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा ती लगेच बाधत नाहीत. मातीत दोन-चार आठवडे गेले की बाधक होतात, आणि मग वर्षानुवर्षं तशीच टिकतात. मातीत खेळणारं मूल ती तोंडात घालतं. म्हणजे त्याच वेळी उचललं तर साखळी तिथेच तुटते. ‘पावसात वाहून जाईल’ म्हणणाऱ्याला हे सांगा. मी जादा पिशव्या जवळ ठेवते आणि विसरलेल्यांच्या हातात देते, बहुतेक लोक मुकाट्याने उचलतात.

धावायला जागा हवी हे कुत्र्यांचंही खरंच आहे

नुसती बंदी मागू नका. बंदी आली की कुत्रे घरात कोंडले जातात, आणि न दमलेला कुत्रा बाहेर आल्यावर जास्त अनावर होतो. कुंपण घातलेला कोपरा मागा. अमेरिकेत बर्कलीमधल्या ओलोनी पार्कमध्ये कुत्र्यांसाठी १९७९ पासून अशी राखीव जागा आहे. तेवढी जागा नसेल तर वेळ वाटून मागा. न्यूयॉर्कच्या काही उद्यानांत ठरलेल्या भागांत सकाळी ९ पर्यंत आणि रात्री ९ नंतर बाग बंद होईपर्यंत कुत्रे मोकळे सोडता येतात, बाकी वेळ पट्टा. आईसारख्या माणसाला कधी यायचं आणि कधी नाही, हे त्यामुळे आधीच कळतं.

आणि कुत्रेवाल्यांनो, मोकळं सोडायचं की नाही याची परीक्षा सोपी आहे. तो दुसऱ्या कुत्र्याशी रंगात येऊन खेळत असताना एकदाच, साध्या आवाजात हाक मारा. वळून धावत आला तर तो तुमच्या ताब्यात आहे. तीन-तीनदा ओरडावं लागलं, किंवा जाऊन धरून आणावं लागलं, तर नाही. तोपर्यंत दहा मीटरची लांब दोरी हार्नेसला लावा (गळपट्ट्याला नको, झटका मानेला बसतो). हाकेला आला की दर वेळी आवडीचा खाऊ द्या आणि पुन्हा खेळायला सोडा. हाक मारली की पट्टा लागतो आणि घरी जावं लागतं, हे कुत्र्याच्या एकदा लक्षात आलं की तो येणं बंद करतो. आपोआप गुंडाळणारा पट्टा गर्दीत वापरू नका. त्याची बारीक दोरी पायात अडकली तर कापते, आणि पाच मीटरवर गेलेला कुत्रा माझ्या आईपर्यंत पोचायच्या आत तुम्हाला मागे घेता येत नाही. आधी चावलेला कुत्रा असेल तर जाळीचा मझल (तोंडावर बांधायची मुसकी) घाला. त्यात त्याला धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं. मझल घातलेला कुत्रा बघून लोक नाकं मुरडतील, तरी घाला. मी तुम्हाला पहिला नमस्कार करेन.